राहिलेला पेपर

२१ जुलै २०२५, सोमवार

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, सहा महिने आहेत तुमच्याकडे, रोज चार ओळी लिहीत जा. काय वाटतं ते लिहा. भाषा कुठलीही चालेल. मी मराठी निवडली, कारण मानेसरच्या ऑफिसात ती एका मयुराशिवाय कुणाला वाचता येत नाही.

तर, काय वाटतं. विशेष काही वाटत नाही.

शुक्रवारी द्वारका कोर्टात आमची पहिली तारीख झाली. संमतीने घटस्फोट घ्यायचा तर दोनदा उभं राहावं लागतं, एकदा आत्ता आणि एकदा सहा महिन्यांनी. मधल्या काळात नवराबायकोने पुन्हा विचार करावा अशी कायद्याची इच्छा असते. न्यायाधीशांनी विचारलं, वृंदा 'जी' म्हणाली, मी 'जी' म्हणालो, आणि आम्ही बाहेर आलो. गाडीची पीयूसी करायला लागतो तेवढाच वेळ लागला. वृंदा गुडगावला गेली, तिच्या भाड्याच्या फ्लॅटवर. गेलं सव्वा वर्ष ती तिथेच राहते आहे, ऑफिसच्या जवळ. मी द्वारकेत, सोसायटीतल्या आमच्या घरी, बाबांबरोबर.

मूलबाळ नाही, त्यामुळे वकीलही एकच पुरला. चोप्रा मॅडम. त्या म्हणाल्या, इतकं शांत जोडपं त्यांनी पाहिलेलं नाही.

पुढची तारीख २१ जानेवारी.

११ ऑगस्ट, सोमवार

रोज लिहायचं काही जमलेलं नाही. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेले पेपर देण्याची शेवटची संधी जाहीर केली आहे. यानंतर नाही म्हणजे नाही, असं दोनदा लिहिलं आहे.

माझा एकच राहिला आहे. संध्याकाळच्या वर्गांना बसून एलएलबीचे सगळे पेपर सोडवले, आणि त्या एका पेपरच्या दिवशी आईला हिंदूराव हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. नंतर आई गेली, मग ही नोकरी लागली, मग लग्न झालं, आणि पेपर होता तिथेच राहिला. फॅक्टरीत सगळे मला 'वकीलसाहब' म्हणतात. आम्ही गाड्यांचे ब्रेक बनवतो आणि मी युनियनशी बोलणी करतो. त्याला डिग्री लागत नाही. पण नव्या नियमाप्रमाणे विभागप्रमुख व्हायला वकिलीची सनद लागते, आणि सनदेला तो पेपर.

विषय कौटुंबिक कायदा.

मयुराला सांगितलं. ती माझ्या हाताखाली आहे, पुण्याची, वयाने माझ्या निम्मी असेल, पण सनद आहे तिच्याकडे. माझं कोर्टाचं तिला ठाऊक आहे. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "सर, माझ्या नोट्स देते," आणि लगेच उठून गेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पगारवाढीचा करार आज एकदाचा झाला. युनियनचे यादवजी आणि त्यांची माणसं समोर, मी इकडे. माझी पद्धत ठरलेली आहे. आपला आकडा आपण सांगायचा नाही. गप्प बसायचं. चहा प्यायचा, खिडकीबाहेर बघायचं. शांतता समोरच्याला सोसत नाही, तो बोलतो, आणि बोलला की खाली येतो. आज दुपारभर मी मोजून चार वाक्यं बोललो असेन. शेवटी यादवजी स्वतःच म्हणाले, "चलो वकीलसाहब, आप ही बताओ कितने में मानोगे." मी तेव्हाही सांगितलं नाही. ते आणखी खाली आले.

वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. या एका गोष्टीत कंपनीत माझा हात धरणारा कुणी नाही.

वृंदा म्हणायची, तू घरीसुद्धा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतोस. आमचं टेबल गोल आहे. गेल्या वर्षी ती म्हणाली, मी वेगळी राहून बघते काही दिवस. मी म्हटलं, ठीक आहे, तू ठरव. तिने ठरवायला तीन आठवडे घेतले. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन समोर येऊन बसायची. मी अजिबात घाई केली नाही, दबाव तर मुळीच आणला नाही. मग ती गेली.

१२ ऑक्टोबर, रविवार

अभ्यास चालू आहे. सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचतो. धौला कुआंचा ट्रॅफिक जाम आता उपयोगाचा वाटू लागला आहे.

आज 'क्रौर्य' हे प्रकरण केलं. मयुराच्या नोट्स फार नेटक्या आहेत. मारहाण म्हणजेच क्रौर्य असं नाही, मानसिकही असतं. दीर्घकाळ न बोलणं, जोडीदाराला जणू तो घरात नाहीच असं वागवणं, हेही त्यात मोडू शकतं. तिने त्याच्याखाली रेघ मारलेली नव्हती, मी मारली. पाच मार्कांना येऊ शकतं.

बाबा दर रविवारी वृंदाला फोन करतात. बाबांचं नाव बाळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाळ. सोसायटीतले पंजाबी त्यांना 'बाल अंकल' म्हणतात आणि बाबांना टक्कल असल्यामुळे ते सगळ्यांना फार आवडतं. बाबा बाल्कनीत जाऊन बोलतात, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ओरडून बोलतात, म्हणजे मला सगळं ऐकू येतं. आज म्हणत होते, "नाही गं, तो काहीच म्हणत नाही. ठीक आहे बिल्कुल. तेच तर."

'तेच तर' म्हणजे काय ते कळलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

हवा अगदी वाईट आहे. बाबांचं खोकणं सुरू झालं.

वृंदा आली होती, थंडीचे कपडे न्यायला. बेडच्या बॉक्समध्ये दोघांच्या रजया, स्वेटर, शाली एकत्रच ठेवलेल्या असतात. तिने सगळं बाहेर काढून पलंगावर पसरलं. एकेक स्वेटर उचलायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. माझा राखाडी स्वेटर कोपरावर उसवलाय हे तिच्या लक्षात आलं, तो तिने शिवूनही टाकला. बाबांचा खोकला ऐकला, प्युरिफायरचा फिल्टर काढून दाखवला, काळा झाला होता. मला म्हणाली, नवीन मागव. मी मागवला.

एवढा वेळ घालवून शेवटी तिने एक शाल आणि दोन स्वेटर नेले. बाकीचं नंतर नेते म्हणाली. छोटा टेम्पो सांगितला असता तर एका फेरीत सगळं आटोपलं असतं. तसं मी सुचवलंही. ती दारात चपलेचा पट्टा लावत होती, बराच वेळ लागत होता. मी उभा होतो. काही म्हणायचं असेल तर ती म्हणेल, म्हणून थांबलो. "निघते," म्हणाली.

रात्री राखाडी स्वेटर घातला. गरम आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

घोटाळा झाला. परीक्षा डिसेंबरातून जानेवारीत ढकलली आहे आणि माझा पेपर २१ जानेवारीला, सकाळी. कोर्टाची तारीखही तीच, तीही सकाळीच.

फार विचार करायची गरज पडली नाही. विद्यापीठ तारीख बदलत नाही, कोर्ट बदलतं. सहा महिने होऊन गेल्यावर दुसरी तारीख कधीही घेता येते, दीड वर्षाच्या आत. चोप्रा मॅडमना फोन करून पुढची तारीख मागायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रसन्नजी, आप श्योर हैं? कारण क्या लिखूँ?"

त्यांना पेपरचं सांगणं जरा विचित्र वाटलं. घटस्फोटाला येत नाही कारण घटस्फोटाच्या कायद्याची परीक्षा आहे, हे कोर्टात वाचून दाखवलं तर लोक हसतील. म्हणून म्हटलं, निजी कारण लिहा. "बहुत अच्छा," त्या म्हणाल्या, "बहुत अच्छा किया आपने. मैं वृंदाजी को बता दूँगी." एका तारखेसाठी इतकं खूश होणारा वकील मी पहिल्यांदाच बघितला.

२० डिसेंबर, शनिवार

वृंदाचा फोन, तिच्याकडून, कित्येक महिन्यांनी. आधी बाबांच्या खोकल्याबद्दल विचारलं. मग म्हणाली, "चोप्रा मॅडम म्हणाल्या, तू तारीख पुढे घेतलीस."

मी हो म्हटलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. मी कारण सांगणार होतो, तर म्हणाली, "आत्ता नको. भेटल्यावर बोलू. मी संक्रांतीला येते बाबांबरोबर पानिपतला."

दत्तकाचं प्रकरण अर्धं राहिलं होतं, ते मग पूर्ण केलं. वृंदाची हरकत नाही हे एक बरं झालं.

२८ डिसेंबर, रविवार

या आठवड्यात तिचे तीन मेसेज आले. एकात फोटो होता, तिच्या ऑफिसबाहेर कुणी तरी मांजराला स्वेटर घातला होता. मी अंगठा पाठवला. बाबा अचानक बरे दिसतात. कामाच्या बाईंना सांगून त्यांनी तिची खोली, म्हणजे आमचीच, पुसून घेतली. मी तिथे पुस्तकं पसरून बसतो, ती सगळी उचलून बाहेरच्या टेबलावर नेऊन ठेवली. अभ्यासाची लय बिघडली.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

दरवर्षी संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जातात. बाबा एकही वर्ष चुकवत नाहीत. पेपर आठवड्यावर असताना मला जायचं नव्हतं, पण बाबांनी ऐकलं नाही. नोट्स बरोबर घेतल्या.

वृंदा द्वारकेहूनच बसमध्ये चढली, सकाळी टॅक्सीने तिथवर आली होती. हातात चाकांची मोठी बॅग. एका दिवसाच्या सहलीला एवढी बॅग कशाला, मी मनात म्हटलं. तिने बसमध्ये सगळ्यांना तिळाच्या वड्या वाटल्या. मला दोन दिल्या.

धुकं इतकं होतं की स्मारक जवळ गेल्यावरच दिसलं. हार घातले, भाषणं झाली. बाबांना दरवर्षीप्रमाणे कुणी तरी लढाईबद्दल विचारलं आणि ते सुरू झाले. इतिहासाची त्यांची स्वतःची एक बाजू आहे. म्हणाले, "लढाई एका दिवसाची हो. त्याआधी अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर नुसत्या बसून होत्या. आपले लोक त्यातच संपले, उपाशी." हे ते दरवर्षी सांगतात. या वर्षी माझ्याकडे बघून सांगितलं.

मग वृंदा मला म्हणाली, चल, जरा चालू. बागेतून चाललो. गवत ओलं होतं. ती थांबली आणि म्हणाली, "बोल आता. का पुढे घेतलीस तारीख?"

मी म्हटलं, "त्या दिवशी माझा पेपर आहे."

"कसला पेपर?"

"राहिलेला. फॅमिली लॉचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. तोंडावर शाल धरून, खूप वेळ. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गोष्ट तशी गमतीची आहेच, म्हणून मीही थोडा हसलो. तेव्हा ती हसायची थांबली.

परतताना ती बाबांशेजारी बसली. मुकरबा चौकात ड्रायव्हरला सांगून उतरली, म्हणाली इथून टॅक्सी करते. बॅग जड होती, मी उठलो, तिने हात लावू दिला नाही. बाबांनी बाईंना रात्री तिघांचा स्वयंपाक करायला सांगितला होता असं घरी आल्यावर कळलं. बाबा जेवले नाहीत.

त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, काय झालं. म्हणाले, "तुला दुसरं काही सांगता आलं नसतं तिला?"

मी म्हटलं, "खरं तेच सांगितलं मी."

"खरं काय ते तुला तरी माहीत आहे का रे," ते म्हणाले आणि कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं. म्हणजे संभाषण संपलं.

२१ जानेवारी, बुधवार

पेपर झाला. हॉलमध्ये माझ्या मागेपुढे माझ्यासारखेच टक्कल पडलेले, चष्मेवाले. एकाची मुलगी त्याला सोडायला आली होती आणि पाण्याची बाटली विसरू नका म्हणत होती.

पहिला प्रश्न सक्तीचा होता. संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवण्यामागे कायद्याचा हेतू काय, सविस्तर लिहा. मी चार पानं लिहिली. घाईत घेतलेला निर्णय बदलता यावा, दोघांनी एकमेकांशी बोलावं, जवळच्या माणसांचा सल्ला घ्यावा, हा हेतू. या काळात, अगदी हुकूम होईपर्यंत, दोघांपैकी कुणीही आपली संमती काढून घेऊ शकतो. कारण देण्याची गरज नाही. संमती शेवटपर्यंत टिकून असली पाहिजे, कोर्टाने ती गृहीत धरू नये, प्रत्यक्ष विचारून खात्री करावी. 

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. बोटं आखडली होती, थंडी फार होती. पर्यवेक्षकांनी येऊन विचारलं, तबियत ठीक है? मी म्हटलं, जी. मग पुढचा प्रश्न घेतला, पोटगीचा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुसरी तारीख होती.

सकाळी बाबा माझ्याआधी उठून तयार झाले होते. म्हणाले, मी येत नाही, नुसता उठलोय. मी निघताना म्हणाले, "प्रसन्न, विचारतील तेव्हा घाई करू नकोस." मी म्हटलं, मी कधीच घाई करत नाही.

वृंदाने साधा सलवार कमीज घातला होता. बारीक झाली आहे. आमचा नंबर आला. न्यायाधीश बाई होत्या, कागद चाळून त्यांनी वर पाहिलं. आधी वृंदाला विचारलं, "अच्छे से सोच लिया? कोई दबाव तो नहीं?"

वृंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, आणि पाहत राहिली. चोप्रा मॅडमनी हातातली फाइल खाली ठेवली. न्यायाधीश बाईही थांबल्या, त्यांनी घाई केली नाही. सगळी खोली माझ्यासाठी थांबली आहे असं मला वाटलं.

मला तेव्हा सगळं माहीत होतं. नियम, कलम, कारण द्यावं लागत नाही हे, सगळं. नको, एवढा एक शब्द पुरला असता. तो मला म्हणायचा होता, हे आज लिहून ठेवतो. मी समोर भिंतीकडे बघत उभा होतो, यादवजींच्या समोर बसतो तसा. ती बोलेल, असं वाटत होतं. आधी ती बोलेल, मग मी बोलेन.

"जी," वृंदा म्हणाली. "सोच लिया."

मग मला विचारलं. मी म्हणालो, जी.

बाहेर आल्यावर चोप्रा मॅडम माझ्याशी न बोलताच निघून गेल्या. आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला, का ते माहीत नाही. वृंदाने विचारलं, पेपर कसा गेला. मी म्हटलं, बरा गेला. काय आलं होतं? मी पहिला प्रश्न सांगितला. काय लिहिलंस? मी सांगितलं, जवळजवळ सगळं, ओळीने.

"बरोबर लिहिलंस," ती म्हणाली. कप फिरवत बसली. मग म्हणाली, "आत मी थांबले होते. तुला कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, तू आधी बोलशील."

"बोलले की मी," ती म्हणाली. पर्स उचलली, बाबांना नमस्कार सांग म्हणाली आणि मेट्रोकडे चालत गेली.

१ मार्च, रविवार

बाबांनी आज वृंदाला फोन केला नाही. बाल्कनीत जाऊन नुसते बसून आले. उरलेले स्वेटर आणि रजई टेम्पोने पाठवून दिली. एका फेरीत झालं.

६ एप्रिल, सोमवार

निकाल लागला. पास. वर्गात असतो तर बहुतेक पहिला आलो असतो, असं मयुरा म्हणाली. ऑफिसात मिठाई वाटली. यादवजी हात मिळवून म्हणाले, "अब तो सचमुच के वकीलसाहब हो गए." वरच्या साहेबांनी पुढच्या महिन्यात बढतीचं बघू म्हटलं. सगळे आनंदात होते आणि मी 'थँक यू, थँक यू' म्हणत होतो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो काढायला विसरले.

मग मी आतल्या खोलीत जाऊन वृंदाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने उचलला. मी म्हटलं, "वृंदा, मला हे नको होतं. मला तू घरी यायला हवी होतीस. पहिल्या दिवसापासून हवी होतीस."

मागे तिच्याकडे कुकरच्या शिट्या होत होत्या. शेवटी म्हणाली, "एवढंच म्हणायचं होतंस रे." रागावली नव्हती. दमलेली वाटली.

मी विचारलं, आता?

"आता स्वयंपाक करते," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाबांनी जेवायला हाक मारली. पानावर बसलो. बाईंनी बटाट्याची भाजी केली होती, पोळी गरम होती. पहिला घास घेतला. बाबा समोरून बघत होते. मी घास तोंडात तसाच धरून बसलो आणि मग त्यांच्यासमोरच रडायला लागलो.